बरोबर मापाचा कागद

१

प्लॉटर म्हणजे काय, हे मला एकेकाळी लग्नाच्या स्थळांनाही समजावून सांगावं लागायचं. झेरॉक्सचं मशीन असतं ना, त्याचा मोठा भाऊ, असं मी म्हणायचो. घरांचे, रस्त्यांचे, लेआउटचे मोठाले नकाशे त्याच्यावर निघतात. मुलीचे वडील मान डोलवायचे, चहा संपवायचे आणि उठायचे. पुढे स्थळं यायची थांबली आणि माझं समजावणंही थांबलं.

आता पंचेचाळिशीला आलोय. वर्ध्यात गजेंद्रच्या दुकानात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसतो आणि कागदाची मापं लावतो. ऐकायला सोपं वाटतं. प्लॉटरला कागदाचा रोल असतो. त्याची रुंदी ठरलेली, लांबी आपण सांगायची. कमी सांगितली तर नकाशा कापला जातो, जास्त सांगितली तर कोरा कागद वाया जातो आणि गजेंद्रची बोलणी खावी लागतात. म्हणून मी लांबी 'ऑटो'वर ठेवतो. चित्र जिथे संपतं तिथे मशीन आपणहून थांबतं आणि आतली पाती खट्टकन पडून कागद कापते.

यात एकच चूक होऊ शकते आणि ती आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते. नकाशा काढताना एखादा ठिपका, एखादी तुटकी रेघ चित्रापासून कुठेतरी लांब पडून राहते. आपल्याला दिसत नाही, पण मशीनला दिसते. मग ते बिचारं त्या ठिपक्यापर्यंत कागद सोडत राहतं. अशा वेळी शिव्या मशीनला बसतात, पण चूक माणसाचीच असते, असं मी आजवर मानत आलो.

२

घर सिंदी मेघेत, वस्तीच्या अगदी शेवटच्या ओळीत. घरात मी आणि बाबा. बाबा म्हणजे बबनराव, आर्वीच्या एसटी डेपोत आयुष्यभर गाड्यांखाली झोपून मेकॅनिकी केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून ते मागच्या खोलीत खाटेवर आहेत. जीभ थोडी जड झालीय, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण कान आणि डोकं शाबूत आहे. स्वतःहून कूस मात्र बदलता येत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आपण त्यांना वळवायचं आणि पाठीशी उशी लावायची. मग ते तसेच राहतात, पुढच्या वेळी आपण वळवेपर्यंत. सकाळी मी, दुपारी शेजारच्या शोभाबाई, संध्याकाळी परत मी, आणि रात्री गजर लावून पुन्हा मीच.

शोभाबाईंना येता यावं म्हणून मागचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असतं. दाराबाहेर अंगण, अंगणाला तारेचं कुंपण आणि त्यापुढे मोकळा लेआउट. दगड रोवलेले रिकामे प्लॉट, मधे गवत, एक विजेचा खांब आणि शेवटी नाला.

खोटं कशाला बोलू, मी थकलो होतो. कामाने थकलो होतो, जागरणाने थकलो होतो आणि बाबांनाही थकलो होतो. जीव आहे त्यांच्यावर, तो काही कमी झालेला नव्हता. पण रात्री गजर बंद करताना रोज मनात यायचं की कोणीतरी यावं. कोणीही चालेल. नुसती एक बाजू धरायला.

दिवाळीनंतर ठरवलं की बाबांच्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम बांधून टाकायचं. परवानगीला घराचा नकाशा लागतो. एका रविवारी टेप घेऊन सगळं घर मोजलं आणि बसून नकाशा काढला. बाबांची खाटसुद्धा मापाने काढली, भिंतीला लागून, कारण चाकाची खुर्ची तिच्यापाशी वळते का ते बघायचं होतं.

"माही खाट काऊन काढून राह्यला त्याच्यात?" बाबांनी विचारलं.

"खुर्ची फिरली पाहिजे ना बाबा."

"मंग मलेबी काढ," ते म्हणाले आणि डाव्या गालाने हसले. माणूस काढत नाहीत नकाशात, असं मी त्यांना सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना मी नकाशा प्लॉटरला दिला. प्रमाण एकास शंभर, लांबी ऑटो. खालचे तक्ते, सहीचे रकाने सगळं धरून हातभर कागद यायला हवा होता.

शाईचं हेड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरायला लागलं. खर्र, खर्र. घर छापून झालं. मी चहाचा ग्लास हातात घेऊन पाती पडायची वाट पाहत राहिलो. पाती पडली नाही. हेडचा आवाज थांबला आणि नुसता कागद सरकण्याचा आवाज येत राहिला. खालची कापडी झोळी भरली, कागद फरशीवर उतरला आणि काउंटरच्या दिशेने निघाला.

"अबे, काऊन इतका कागद सोडून राह्यला ते?" गजेंद्र खुर्चीतून उठला.

"ठिपका राह्यला असंन कुठी."

"तुह्या घरचा नकाशा हाय म्हणून माह्या रोलाची वाट लावतं काय?"

मी बंद करायला हात पुढे केला तेवढ्यात हेड पुन्हा हललं. कोऱ्या कागदावर मधोमध, एकाच जागी, थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे. मग पाती पडली.

कागद माझ्याहून लांब होता. एका टोकाला माझं घर, मधे सगळं कोरं आणि दुसऱ्या टोकाला हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक काळी खूण. शाई सांडली असेल म्हणून बोट फिरवलं, पण ती वाळलेली, आखीव होती. कॉम्प्युटरवर नकाशा उघडून सगळीकडे शोधलं. घराच्या बाहेर काही नव्हतं. तरीही मी सगळं निवडून, फक्त घर उचलून नव्या फाइलमध्ये टाकलं आणि जुनी फाइल पुसली. असं केलं की कचरा मागेच राहतो, हे मी दुकानात येणाऱ्या पोरांना शिकवलेलं आहे.

४

इंजिनियरने बाथरूमच्या दाराची बाजू बदलायला सांगितली, म्हणून दोन-तीन दिवसांनी नवीन फाइलमधून परत प्रिंट घ्यावी लागली. घर छापून झालं, हेड थांबलं आणि कागद सरकत राहिला. या वेळी मी चहा घेतलाच नव्हता. मशीनपाशी वाकून उभा होतो.

कागद आधीच्या निम्मा आला. टोकाला तीच खूण.

दोन्ही कागद काउंटरवर एकावर एक पसरले आणि भिंग घेतलं. एक आडवा लंबगोल, त्याच्यावर मधोमध एक छोटा गोल. ही खूण मला माहीत होती. खांदे आणि डोकं. वरून पाहिलेला माणूस. नागपूरकडचे आर्किटेक्ट बागेत, पार्किंगमध्ये अशी माणसं पेरतात, नकाशा भरलेला दिसावा म्हणून. आमच्याकडे तो खटाटोप कोणी करत नाही.

मग एक उद्योग केला, जो केला नसता तर बरं झालं असतं. प्रमाण एकास शंभर होतं, म्हणजे कागदावरचा एक मीटर जमिनीवर शंभर मीटर. पट्टी लावली. पहिल्या कागदावरची खूण आमच्या मागच्या दारापासून सरळ रेषेत नाल्यापाशी पडत होती. दुसरी विजेच्या खांबापाशी.

डोकं म्हणालं, फाइल खराब आहे. प्लॉटरच्या मेमरीत दुसऱ्या कुणाचं काम अडकलंय. जागरणाने डोळे गेलेत. तिन्ही कारणं चांगली होती आणि तिन्ही मला पटली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना पुसून, चहा पाजून मी खांबापर्यंत चालत गेलो. काही नव्हतं. गवत, एक फुटका माठ आणि खांबाच्या तारेची गुणगुण. पायाचे ठसे वगैरे मी शोधले नाहीत, एवढी लाज होती.

परत फिरलो तेव्हा मात्र थांबलो. त्या जागेवरून आमचं मागचं दार नेमकं समोर येत होतं. मी येताना नुसतं लोटलं होतं, ते वाऱ्याने थोडं उघडलं होतं आणि फटीतून बाबांचे पाय दिसत होते. पांघरूण सरकलेलं होतं. घराकडे मी जरा भरभरच चालत आलो.

५

सेप्टिक टँकची जागा बदलली, तेव्हा तिसरी प्रिंट. कागद हातभरापेक्षा जेमतेम चार बोटं जास्त आला. गजेंद्र म्हणाला, "पाह्य, आता सुधरून राह्यलं मशीन. हेड साफ केलतं ना मी." त्याला बरं वाटलं. मीही हो म्हणालो.

खूण कुंपणापाशी होती. भिंगाखाली धरली. लंबगोल तोच होता, पण गोल मधोमध नव्हता. घराच्या बाजूला पुढे आला होता. वाकून आत बघणाऱ्या माणसाचं डोकं वरून पाहिलं तर असंच दिसेल. मी भिंग खाली ठेवलं आणि हात पुसले.

"गजूभाऊ," मी म्हटलं, "ऑटोवर असलं की हे बाहेरचं येऊनच राह्यलं."

"मंग ऑटो काऊन ठेवतं? पान फिक्स कर. ए-टू टाक अन् सोड. बाहेरचं जे असंन ते कटून जाते."

त्याचं बरोबर होतं. धंद्यातला साधा उपाय, आणि मीच तो केला नव्हता. पानाचं माप ए-टू केलं, कडेने मार्जिन दिलं. हेड फिरलं, घर छापलं, पाती वेळेवर पडली. स्वच्छ नकाशा. बाहेर काही असलं तरी ते कागदाच्या बाहेर, आणि कागदाच्या बाहेरचं मला बघायचं नव्हतं. त्या रात्री गजराशिवाय झोपलो. सकाळी बाबांची पाठ लाल झालेली होती. ती चोळताना मला माझाच राग आला.

६

"शोभाबाई आज दोनदा आलती," बाबा एका संध्याकाळी म्हणाले. मी त्यांना भाकरी कुस्करून भरवत होतो.

"बरं झालं."

"एकदा जेवू घालाले आली. मंग दुपार कलली तवा आली. बोलली नाई."

"काही विसरल्या असतील."

"दारात उभी राह्यली नुसती. लय वेळ." घास तोंडात ठेवून ते दाराकडे बघत राहिले. "मले तं धुरकट दिसते. पण शोभाबाई ठेंगणी आहे ना रे?"

मी पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. शोभाबाई ठेंगण्याच आहेत. त्यांचं डोकं आमच्या दाराच्या कडीच्या थोडं वर येतं.

हात धुऊन त्यांच्याकडे गेलो. त्या अंगणात कापसाची गादी उन्हातून काढत होत्या. "मी तं एकदाच आलती भाऊ," त्या म्हणाल्या, "दुपारच्यानं माहे गुडघे बोलते. कोण जाते दोनदोनदा?" मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही झोपत नाई वाटते."

दुसऱ्या दिवशी निघताना मी मागच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि शोभाबाईंना सांगितलं की येताना काढा, जाताना आठवणीने लावा. बाहेरून कडी घालणं मला आवडलं नाही. आत हलता न येणारा माणूस. काही झालं तर तो ओरडेल, आणि ओरडलेलं कोणी ऐकेल की नाही देव जाणे. पण नुसतं लोटलेलं दारही आता ठेववत नव्हतं. कडी घालून दोनदा ओढून पाहिली.

संध्याकाळी शोभाबाई कुंपणाशी वाट बघत होत्या. "कडी घालतो म्हणे, अन् घातलीच नाई तुम्ही. मी गेली तं उघडीच होती."

"घातली होती."

"मंग असंन," त्या म्हणाल्या. थकलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, असा त्यांचा चेहरा होता. बाबांना विचारलं, कोणी आलं होतं का. त्यांनी डावा हात पांघरुणावरून फिरवला आणि म्हणाले, "आता दारात नाई उभं राह्यत." मग डोळे मिटून घेतले. आणखी विचारायला हवं होतं. मला डाळ टाकायची होती, त्यांचे कपडे भिजवायचे होते, आणि खरं म्हणजे मला उत्तर नको होतं.

७

परवा इंजिनियरचा फोन आला, सहीसाठी अजून एक प्रत लागेल. दुपार उलटत आली होती. बाहेर रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि दुकानाच्या पायरीवर कापसाचे पुंजके लोळत होते. मी फाइल उघडून छापायला दिली आणि मग स्क्रीनकडे पाहिलं. पानाचं माप ए-टू नव्हतं. लांबी ऑटो.

"गजूभाऊ, सेटिंग कोणी बदललं?"

"सकाळी मशीन अडकलतं, मीच सगळं पुसून नव्यानं लावलं. काऊन? काय झालं?"

हेड फिरायला लागलं होतं. थांबवता आलं असतं. बटण हाताजवळ होतं. मी थांबवलं नाही, कारण मला कळायला हवं होतं की ते आता कुठे आहे. कुंपणापाशी असेल तर चार बोटं कोरा कागद येईल. अंगणात असेल तर बोटभर. मी मशीनच्या तोंडाशी वाकलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं की कागद वाया जावा. भरपूर जावा. रोल संपला तरी चालेल.

घर छापून झालं. हेड बाजूला गेलं.

खट्ट.

गजेंद्रने कागद झोळीतून उचलून काउंटरवर ठेवला, पट्टी लावली. "आता कसं? एक सूत इकडं तिकडं नाई. बाहेर काहीच नाई पाह्य." तो खूश होता. मी कागदाकडे पाहिलं. घराच्या भोवती चारी बाजूंनी कोरं होतं, अंगणात कोरं होतं. मागच्या खोलीत भिंतीला लागून मी काढलेला खाटेचा चौकोन. मी तो रिकामा काढला होता. आता तो रिकामा नव्हता. चष्मा खिशात होता. मी तो काढला नाही.

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. नाक्यावर कापसाची गाडी आडवी उभी होती, तिच्या मागे थांबलो, तेवढं आठवतं. घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं पण दिवे लागले नव्हते. पुढच्या दाराचं कुलूप काढून आत गेलो. स्वयंपाकघरात नळ टपकत होता. मागच्या खोलीतून बाबांच्या श्वासाचा आवाज येत होता, नेहमीसारखा, जरा घरघरता. जीव भांड्यात पडला. मागचं दार बंद होतं आणि त्याला आतून कडी होती.

आतली कडी वर आहे. बाबांचा हात तिथे पोचत नाही. शोभाबाई आतून कडी लावून जाणार कुठून?

"बाबा?"

"आलास?" ते जागे होते. नेहमी ते खाटेच्या मधोमध असतात, कारण मी त्यांना तिथेच ठेवतो. आता ते भिंतीला टेकले होते. पार भिंतीकडे सरकून, माझ्याकडे कूस करून, शहाण्या मुलासारखे अंग चोरून. पाठीशी लावायची उशी त्यांच्या उशीशेजारी नीट मांडलेली होती.

"शोभाबाईंनी वळवलं का?"

"नाई." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "शोभाबाईले अजून जमत नाई तसं. दुखलंबी नाई मले. एकाच हातानं वळवलं."

खाटेची अर्धी बाजू मोकळी होती. आमची गादी जुनी कापसाची आहे, पिंजून घ्यायची राहिलेली. कोणी बसून उठलं की तिला खळगा पडतो आणि मग हळूहळू तो भरून येतो. मोकळ्या बाजूला लांबलचक खळगा होता, उशीपासून पायापर्यंत. मी तो भरून यायची वाट पाहत उभा राहिलो. तो भरून येत नव्हता.

दिवसभराचा थकलेला, सवयीने मी खाटेच्या काठावर टेकायला वाकलो. रोज संध्याकाळी मी तिथेच टेकतो.

बाबांनी डावा हात पुढे करून माझं मनगट धरलं. दोन वर्षांत त्यांनी एवढ्या जोरात काही धरलं नव्हतं.

"तिथं नको बसू," ते म्हणाले. "आत्ताच डोळा लागला त्याचा."